डोकं रविवारी दुखत नाही ना?

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतला कामगार डोकेदुखी, गरगरणं, मळमळ घेऊन आला की मी आधी विचारतो, सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं? ‘रविवारी एकदम ठीक असतं, डॉक्टर,’ असं उत्तर आलं, तर पित्ताच्या गोळ्या लिहून देण्याआधी तो कशात हात घालतो हे बघावं लागतं. यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस उतरवायचं काम असेल, तर मला पहिला संशय येतो तो ट्रायक्लोरोइथिलीनचा, म्हणजे टीसीईचा.

हे द्रावक पाण्यासारखं नितळ, वासाला गोडसर. पेट्रोलसारखं भडकत नाही, त्यामुळे त्याची भीतीच वाटत नाही. एके काळी ‘ट्रायलीन’ या नावाने डॉक्टरच ते बाळंतिणीला कळांच्या वेळी हुंगायला देत. थोडक्यात, द्रावकाच्या टाकीजवळ जी झिंग चढते ती थकव्याची नव्हे, भुलीची पहिली पायरी असते. शिफ्ट संपल्यावर दारू घेतली आणि चेहरा-मान लालबुंद झाली, तर तीही याचीच खूण असू शकते.

त्याची वाफ हवेच्या साडेचार पट जड. ती खड्ड्यात, टाकीच्या तळाशी साचते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उघड्या बादलीतून ती आणखी झपाट्याने उठते. छताचा पंखा इथे कामाचा नाही. वाफ ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट टाकीच्या काठाशीच हवा. शेजारी वेल्डिंग तर नकोच, त्या उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

तेलकट हात टीसीईत बुचकळून धुण्याची सवय मला सगळ्यात घातक वाटते. कातडी कोरडी पडून फाटते आणि विष आत जातं. साबण वापरा. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान. रासायनिक वाफेसाठी वेगळा कार्ट्रिजचा मास्क मिळतो. काम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, कावीळ दिसली, तर ते काम कायमचं सोडा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली टीसीईला पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आता पक्का आहे.

टाकीत कुणी बेशुद्ध पडला, तर त्याला काढायला तसेच आत उतरू नका, दुसराही तिथेच पडतो. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात द्रावकाचं नाव आवर्जून सांगा. शरीरात टीसीई असताना ॲड्रिनॅलिन दिलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

कामगार विम्याच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत अशा द्रावकांचे आजार येतात. तेव्हा केसपेपरवर ‘कामगार’ एवढंच लिहू देऊ नका. काम कोणतं, द्रावक कोणतं आणि किती वर्षं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.