माला स्त्राना : सरदारांच्या पेठेत खर्च कुठे होतो?

प्रागच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, नदीच्या डाव्या काठावर माला स्त्राना ही जुन्या सरदार-उमरावांची पेठ आहे. त्यांच्या वाड्यांत आता वकिलाती, सरकारी कचेऱ्या आणि महागडी हॉटेलं आहेत. इथे नुसतं पाहायला फारसे पैसे पडत नाहीत. ते जातात झोपायला, जेवायला आणि पैसे बदलायला.

आधी घरूनच होणारा खर्च. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून 90 यूरो आहे, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मी. अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं, शिवाय 30,000 यूरोंचं विमासंरक्षण लागतंच. व्हिसा नाकारला तर फी बुडाली.

आता फुकटचं वैभव. सेनापती वॉलेनस्टाइनने 1623 नंतर घरांच्या रांगा पाडून बांधलेल्या वाड्यात आज चेक संसदेचं सेनेट भरतं. त्याच्या बागेला तिकीट नाही, मात्र हिवाळ्यात ती बंद असते. एका टोकाला चुनखडीचे लोंबते थर वाटावेत अशी भिंत आहे. दोन मिनिटं टक लावून पाहिलं की तीत तोंडं दिसू लागतात, मुलांना हा खेळ फार आवडतो. बागेतले कांस्यपुतळे नकला आहेत; अस्सल 1648 मध्ये स्वीडिश फौजेने लुटून नेले. व्रत्बा बागेला आणि किल्ल्याखालच्या उतारावरच्या बागांना मात्र तिकीट आहे. एकच घ्यायचं तर मी व्रत्बा घेईन, वरच्या सज्जातून अख्खी पेठ दिसते.

कार्मेलितस्का रस्त्यावरच्या चर्चमध्ये बाळ येशूची मूळ मूर्ती आहे, जेमतेम हात-सव्वा हात उंचीची. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जाणाऱ्यांना तिची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. दर्शन विनामूल्य. नेरुदोवा रस्त्यावर पाट्यांऐवजी घरांवर कोरलेली तीन व्हायोलिनं, दोन सूर्य ही जुनी चिन्हं पाहत चढावं, तेही फुकट.

मुक्काम इथेच करण्याचा हट्ट नको. दगडी फरशीच्या चढावर चाकांची बॅग ओढताना जीव जातो आणि जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही. दक्षिणेला लागून असलेल्या स्मिखोव्हमध्ये तुलनेने स्वस्तात सोय होते आणि तिथून ट्रामने काही मिनिटांत पोहोचता येतं. माणशी रात्रीला 50 कोरुनांचा कर (कोरुना साधारण चार रुपयांचा) खोलीच्या भाड्यात धरलाय का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. ट्रामचं कागदी तिकीट चढल्यावर यंत्रात छापून घ्या. नुसतं खिशात ठेवलेलं तिकीट तपासनीसाला चालत नाही आणि दंड तिकिटाच्या वीसपटीहून जास्त होतो.

हॉटेलात टेबलावर आपणहून आलेला पाव बिलात येऊ शकतो, पाणीही बहुधा विकतच. सेवा चांगली वाटली तर दहा टक्के बक्षिसी पुरे.

पैसे बदलण्याच्या दुकानावर 'कमिशन शून्य' अशी पाटी असली तरी भाव पाहिल्याशिवाय नोट पुढे करू नका. कमिशन भावातच वसूल होतं. फसलात तर पावती जपा : 2019 पासून हजार यूरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो. एटीएमने 'रुपयांत रक्कम कापू का?' विचारलं, तर नाही म्हणा.