मत्स्यपेटीचा सांधा

कांचेच्या पेटींत मासे पाळण्याचा छंद लहानथोरांस सारखाच रमवितो. डांसांच्या अळ्या खाव्यात म्हणून हौदांत जे गप्पी मासे सोडतात, ते घरच्या बरणींतहि सुखानें राहतात. बरणी अपुरी पडली म्हणजे पेटी येते, आणि पेटी मोठी झाली म्हणजे तिच्याखालीं पाणी गाळण्याकरितां दुसरी एक पेटी ठेवावी लागते. या खालच्या पेटीस ‘संप’ म्हणतात. कामगारांच्या संपाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. उलट ती रात्रंदिवस काम करते. वरचें पाणी नळीनें तिच्यांत उतरतें, खडे व फोम यांच्या थरांतून गाळलें जातें आणि पंपानें पुनः वर चढतें. तयार पेटी महाग पडते, म्हणून पांच कांचा जोडून ती घरींच करावी असें वाटणें साहजिक आहे. कांच दुकानदार मापानें कापून देतो. प्रश्न असतो तो सांध्याचा.

संपांत मासे नसतात, तेव्हां सांधा कशानेंहि भरला तरी चालेल, हा समज अगदीं चुकीचा आहे. दोन्ही पेट्यांतील पाणी एकच. मासा श्वास घेतो तो कल्ल्यांवरून पाणी वाहवून. त्या पाण्यांत जें विरघळलें असेल, तें त्याच्या रक्तापर्यंत सहज पोहोंचतें. त्यांत आपला नंदुरबारचा उन्हाळा! २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो, तर ३० अंशांवर साडेसातच. आधींच धापा टाकणाऱ्या माशांस विषाची थोडी मात्राहि पुरते.

पूर्वीं लोखंडी चौकटीच्या पेट्यांत कांच बसविण्यास जवसाच्या तेलांत खडूची पूड मळून केलेलें लुकण वापरीत, आणि तें घट्ट व्हावें म्हणून त्यांत कधीं शेंदूर घालीत. शेंदूर म्हणजे शिशाचें ऑक्साइड; तें विष आहे. नळांच्या पेंचांस शेंदूर लावण्याची चाल होती, ती पाहून कोणी तो पेटीस लावूं नये. आपल्या सातपुड्यांतील धावड्याचा डिंक उत्तम खरा, पण तो खाण्यासाठीं. पाण्यांत तो विरघळतो. लाख विरघळत नाहीं, परंतु ठिसूळ असते व कांचेवरून सुटते. सुताराचा साधा पांढरा गोंद पाण्यांत मऊ पडतो.

कांचेस कांच जोडण्यास योग्य द्रव्य म्हणजे सिलिकॉन. वाळल्यावर तें रबरासारखें लवचिक राहतें, कांचेस घट्ट धरतें व पाण्यांत विरघळत नाहीं. तें वाळत असतां व्हिनेगारचा उग्र दर्प येतो, कारण त्यांतून ॲसेटिक आम्ल बाहेर पडतें. या दर्पाविषयीं दोन गैरसमज आहेत. दर्प येतो म्हणून तें विषारी, असें कांहींजण म्हणतात. पण तें आम्ल उडून जातें व पूर्ण वाळलेला सांधा निर्धोक राहतो. दुसरे म्हणतात, दर्प गेला कीं झालें. हा समज अधिक घातक. न्हाणीघराच्या सिलिकॉनलाहि हाच दर्प असतो, आणि त्यांत बुरशी मारणारें औषध मिसळलेलें असतें. तें दर्पाबरोबर जात नाहीं. पाण्यांत हळूहळू उतरत राहतें. म्हणून नाकावर विसंबूं नये, नळीवरील मजकूर वाचावा. ‘बुरशीरोधक’ असें लिहिलेलें असेल तर ती नळी दुकानांतच ठेवावी. ‘मत्स्यालयासाठीं’ असें स्पष्ट लिहिलेली नळी घ्यावी. चार पैसे जास्त पडतील, पण काटकसर येथें करूं नये.

कांचेच्या कडा स्पिरिटनें पुसून कोरड्या कराव्या. बोटाचा तेलकट ठसाहि सांधा सोडवितो. जुन्या सिलिकॉनवर नवें नीट चिकटत नाहीं, तेव्हां दुरुस्ती करतांना जुनें पात्यानें पूर्ण खरवडावें. पात्याचें काम वडील माणसानें करावें. वीज गेली म्हणजे वरचें कांहीं पाणी खालीं येतें, यासाठीं सांधा कांठापर्यंत भरावा व पेटींत जागा मोकळी ठेवावी.

सिलिकॉन वाळतें तें हवेंतील ओलाव्यानें, उन्हानें नव्हे. साधारण हवेंत दिवसास दोन ते तीन मिलिमीटर खोलीपर्यंतच तें घट्ट होतें. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेंत आंतला भाग कच्चा राहूं शकतो. पेटी उन्हांत ठेवून घाई करण्यांत अर्थ नाहीं. सावलींत, वारा खेळता ठेवून आठवडाभर थांबावें.

प्लॅस्टिकची गोष्ट वेगळी. ॲक्रिलिकला सिलिकॉन घट्ट धरीत नाहीं. १९५१ सालीं उघडलेलें मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय २०१५ मध्यें नव्या रूपांत उघडलें, तेव्हां त्यांत ॲक्रिलिकचा बोगदा होता. अशा कामांचें तंत्र कांचेहून निराळें असतें. घरगुती ॲक्रिलिक पेटी तिच्या खास द्रावकानें जोडतात: तो कडा किंचित विरघळवून एकजीव करतो. पी.व्ही.सी. नळ्यांचा डिंकहि याच जातीचा. त्याची वाफ पेट घेते, म्हणून चुलीपासून दूर, उघड्यावर काम करावें, व वाळल्यावर नळी धुवावी. बादलीच्या प्लॅस्टिकला तर बहुधा कांहींच टिकून चिकटत नाहीं. तेथें डिंकाचा हट्ट सोडून रबरी वायसर असलेला टाकी-निपल पेंचानें आवळावा.

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच पेटींत ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो पाणी मावतें. म्हणून पहिली परीक्षा अंगणांत, सपाट फळीवर घ्यावी. पेटी भरून दोन दिवस ठेवावी, सांध्यांखालीं कोरडा कागद घालावा, नंतर पाणी ओतून टाकून पुनः भरावें. पहिल्या पाण्यांत मासा सोडून ‘जगतो का’ तें पाहणें मला पसंत नाहीं. उरलेल्या सिलिकॉनच्या नळीच्या तोंडांत खिळा घालून ठेवावा. पुढच्या वेळीं आंतलें द्रव्य घट्ट झालेलें आढळलें, तर ती नळी टाकून द्यावी.