शेतीची कागदपत्रे संगणकात कशी लावावीत?



पीक कर्ज असो की निर्यातीसाठी अनारनेटवर डाळिंब बागेची नोंदणी असो, सातबारा, माती परीक्षण अहवाल आणि फवारणीच्या नोंदी वेळेवर हाताशी लागतात. सन २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरी मिळू लागला. पण उतरवून घेतलेली सारी कागदपत्रे ‘डाउनलोड्स’मध्येच साचतात. जुळे सोलापुरात राहून मोहोळ किंवा मंगळवेढ्याकडची शेती पाहणाऱ्याला एका कागदासाठी परत गावी खेप पडते.

सातबारा शोधताना आपण आधी जिल्हा, मग तालुका, गाव आणि शेवटी गट निवडतो. संगणकातील फोल्डरची रचना अशीच असते. हे झाड मात्र उलटे असते : मूळ वर आणि फांद्या खाली.

फांद्या कशा उघडाव्यात?

१) विंडोजची कळ दाबून ठेवून ‘ई’ची कळ दाबावी. फाइल एक्सप्लोरर उघडतो. डाव्या बाजूस फोल्डरचे झाड दिसते.

२) डावीकडील फोल्डरवर एकदा क्लिक करावे. उजव्या बाणाच्या कळीने त्याची फांदी उघडते, डाव्या बाणाने मिटते. वर-खाली बाणांनी पुढे-मागे जाता येते.

३) आत फार खोल गेल्यास ‘आल्ट’ व वरचा बाण एकत्र दाबावा, एक पायरी वर येता येते.

४) आपण कोठे आहोत, हे वरच्या पत्त्याच्या पट्टीत दिसते.

रचना कशी करावी?

‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘शेती’ हा एकच मुख्य फोल्डर करावा. त्यात गट, गटात वर्ष, वर्षात बहार, असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ : शेती – गट २१४-२ – २०२४-२५ – मृग बहार – फवारणी. हा क्रम सर्व गटांना सारखाच ठेवावा. एका गटात वर्ष आधी व दुसऱ्यात बहार आधी केल्यास शोध लांबतो. आठ-अ उतारा खात्याचा असल्याने तो एखाद्या गटात न टाकता थेट ‘शेती’खाली ठेवावा.

काय काळजी घ्यावी?

• विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही. म्हणून ‘७/१२’ऐवजी ‘सातबारा’ व ‘२१४/२’ऐवजी ‘२१४-२’ लिहावे.

• माऊस दाबलेला असताना हात सरकला, तर फोल्डर दुसऱ्या फांदीत जाऊन बसतो. लगेच ‘कंट्रोल’ व ‘झेड’ दाबल्यास तो परत येतो.

• फोल्डर पुसला की आतील सर्व कागद जातात. संगणकातून पुसलेले बहुधा ‘रिसायकल बिन’मध्ये सापडतात, पेन ड्राइव्हवरून पुसलेले तेथे सापडत नाहीत.

प्रत्येक बहार संपल्यावर ‘शेती’ फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी. बागेची छाटणी वेळेवर करतो, तशी या झाडाचीही करावी; म्हणजे नोंद तपासायला कोणी आले, तर कागद शोधत बसावे लागणार नाही.