साठवण एक, शोध अनेक : दप्तराच्या सूचीचा धडा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांतील अनेक कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबईत स्थायिक झाली आहेत. आजोबांच्या जमिनीचा कागद पाहण्यासाठी नातू गावी येतो, तेव्हा त्याला आजोबांचे नाव ठाऊक असते. सर्व्हे क्रमांक मात्र पुष्कळदा ठाऊक नसतो. कागद दप्तरात सुरक्षित असूनही हाती लागत नाही. साठवणे आणि शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे येथे ध्यानात येते.

गावच्या दप्तरातील रचना

फेरफार नोंदवहीत, म्हणजेच गाव नमुना ६ मध्ये, नोंदी येतील त्या क्रमाने लिहिल्या जातात. लिहिणे सोपे, पण क्रमांक ठाऊक नसल्यास पाने चाळणे आले. सातबारा जमिनीच्या क्रमांकानुसार, तर आठ-अ खातेदारानुसार असतो. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक दिलेला असल्याने एका नोंदीवरून दुसरीपर्यंत जाता येते. दस्तनोंदणीतही हेच तत्त्व आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५५ नुसार सूची क्रमांक १ व्यक्तींच्या नावांची, तर सूची क्रमांक २ मालमत्तेच्या तपशिलांची असते. दस्त एकच, वाटा दोन.

संगणकातील दप्तर

संगणकावरील शोधयंत्र हेच करते. प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या कागदात आला, त्यांचे क्रमांक ते लिहून ठेवते. ही सूची कशी साठवावी, यावर शोधाचा वेग अवलंबून असतो.

पहिली पद्धत प्रत्येक शब्दासाठी स्वतंत्र फाईल ठेवण्याची. ती समजण्यास सोपी आहे. पण लाखो लहान फाईली झाल्या की त्या उघडण्यातच वेळ जातो आणि जागाही वाया जाते.

दुसरी पद्धत अक्षरक्रमाने लावलेल्या एका मोठ्या फाईलीची. कोणता शब्द कोठे आहे, हे सांगणारी छोटी अनुक्रमणिका संगणकाच्या स्मृतीत राहते व फाईलीचा नेमका तेवढाच भाग वाचला जातो. दहा लाख शब्द ओळीने तपासल्यास सरासरी पाच लाख तुलना कराव्या लागतील. क्रमाने लावलेल्या यादीचे दर वेळी दोन भाग करीत गेल्यास सुमारे वीस तुलना पुरतात.

मात्र क्रमवार फाईलीत मध्येच नवी नोंद घालणे खर्चिक असते. म्हणून तिसऱ्या पद्धतीत नव्या नोंदी लहान पुरवणी-सूचींत ठेवून त्या ठराविक काळाने मुख्य सूचीत मिसळतात. पुरवण्या साचू दिल्यास प्रत्येक शोधात त्या सर्व पाहाव्या लागतात आणि वेग मंदावतो. नोंदी क्वचित बदलणाऱ्या जुन्या दप्तराला दुसरी पद्धत, तर रोज भर पडणाऱ्या दप्तराला तिसरी सोयीची ठरते.

नागरिकांनी काय करावे ?

कोणतीही पद्धत चुकीच्या नोंदीवर इलाज करू शकत नाही. एकाच व्यक्तीचे नाव एका कागदावर आडनावासह, तर दुसऱ्यावर केवळ वडिलांच्या नावासह असेल, तर यंत्राला त्या दोन व्यक्ती वाटतात. म्हणून कार्यालयात जाण्यापूर्वी गाव, तालुका, सर्व्हे अथवा गट क्रमांक, व्यवहाराचे अंदाजे वर्ष आणि नावाची सर्व ज्ञात रूपे लिहून न्यावीत. वारसाची नोंदही वेळीच करून घ्यावी. आज नीट लिहिलेली एक ओळ उद्याच्या पिढीचे अनेक हेलपाटे वाचवील.