परसातील गवत आणि बॅटरीवर चालणारे दोरीचे यंत्र

पावसाळा सरत आला म्हणजे कोकणातील घरांभोवती गवताचे राज्य असते. खळ्याच्या कडेला, गडग्याच्या बुडाशी, विहिरीच्या कठड्याजवळ आणि गोठ्याच्या वाटेवर टाकळा व गवत कमरेइतके माजलेले असते. पूर्वी हे काम घरची माणसे विळ्या-कोयत्याने उरकीत. अलीकडे गड्यांची टंचाई भासू लागल्यामुळे अनेक घरांत बॅटरीवर चालणारे हलके गवतकापणी यंत्र दिसू लागले आहे. बाजारात त्यास ‘ग्रास कटर’ असेच म्हणतात. ह्या यंत्राला पाते नसते. दांड्याच्या टोकाशी असलेल्या रिळातून नायलॉनची बारीक दोरी बाहेर येते व ती वेगाने फिरून गवत कापते.

ह्या यंत्रामुळे श्रम वाचतात ह्यात संशय नाही. पेट्रोलच्या यंत्राप्रमाणे त्यात तेल मिसळावे लागत नाही, धूर होत नाही, आवाजही कमी होतो. परंतु लोक ते ज्या ठिकाणी आवर्जून चालवितात, त्या झाडांच्या बुंध्याशीच ते सर्वांत अधिक हानी करते. चार-पाच वर्षे पाणी घालून वाढविलेले आंब्याचे कलम दोन मिनिटांच्या निष्काळजीपणाने जाऊ शकते. सबब हे यंत्र कोठे चालवावे आणि कोठे हातातला विळाच बरा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दोरी गवत कशी कापते

दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टन शहराचे रहिवासी जॉर्ज बॅलास ह्यांनी १९७१ साली प्रत्यक्षात आणली. मोटारी धुण्याच्या यंत्रातील फिरते ब्रश पाहून त्यांना ती सुचली. रिकाम्या डब्याला भोके पाडून त्यांतून दोरी ओवून त्यांनी पहिला प्रयोग केला. मऊ दोरी वेगाने फिरू लागली की बाहेरच्या दिशेने ताणली जाऊन ताठ होते, एवढेच ह्यातील मर्म आहे.

हा वेग किती असतो ह्याचा हिशेब करून पाहावा. दोरीच्या फेऱ्याचा व्यास ३० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ८,००० फेरे धरला, तर दोरीचे टोक सेकंदाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर वेगाने धावते. कापण्याचे काम हे टोकच करते. म्हणून यंत्र गवतात खुपसू नये; गवताच्या कडेला दोरीचे टोक लागेल इतकेच पुढे न्यावे. यंत्र रेटले की दोरी वाकते, मोटारीचा वेग उतरतो, बॅटरी तापते आणि गवत कापले न जाता आडवे होते. गवत उंच असल्यास प्रथम शेंड्याकडील अर्धा भाग, मग खालचा भाग, असे दोन-तीन थरांत कापावे. यंत्र कमरेतून सावकाश डावी-उजवीकडे फिरवीत चालावे, म्हणजे मनगटे दुखत नाहीत.

यंत्र कोणत्या बाजूने फिरते ते दर्शविणारा बाण कवचावर काढलेला असतो. तो पाहून ज्या बाजूस दोरीचे टोक आपल्यापासून दूर जात असेल त्या बाजूने गवत कापावे. वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणाऱ्या यंत्रात ही डावी बाजू होय. उलट फिरणाऱ्यात उजवी. असे केल्याने माती व खडे चालविणाऱ्याच्या अंगावर न येता पुढे उडतात.

टाकळा, कोवळे गवत, केणा ह्यांना ही दोरी पुरेशी आहे. रानमोडी किंवा घाणेरीचे लाकडासारखे झालेले खोड मात्र तिने तुटत नाही, दोरीच झिजते. तेथे कोयता घ्यावा. काही जण दोरीऐवजी लोखंडी साखळीचा तुकडा किंवा पत्र्याचे पाते बसवितात. ज्या यंत्रासाठी निर्मात्याने पाते दिलेले नाही त्यास असे काहीही बसविणे म्हणजे घराच्या अंगणात बंदूक रोखण्यासारखे आहे. तुटलेली कडी गोळीच्या वेगाने जाते.

झाडाचा बुंधा

झाडाच्या खोडातील लाकडातून पाणी वर चढते. पानांत तयार झालेले अन्न मात्र सालीच्या आतील थरातून खाली मुळांकडे येते. लाकूड व साल ह्यांच्यामध्ये वाढीचा एक अत्यंत पातळ, ओलसर थर असतो. कोवळ्या कलमाची साल दोरीच्या एकाच फटक्याने फाटते व हा थर उघडा पडतो. दर खेपेस थोडी थोडी साल जाऊन अखेरीस बुंध्याभोवती पूर्ण वलय पडले, तर मुळांचा अन्नपुरवठा तुटतो. अशा वेळी वरची पाने काही काळ हिरवीच राहतात, कारण पाणी चढतच असते. नंतर मुळे उपाशी मरतात आणि झाड एकाएकी वाळल्यासारखे दिसते. तोवर यंत्राचा कोणास संशय येत नाही. दोष वाळवीला किंवा पाण्याच्या टंचाईला दिला जातो. शिवाय फाटलेल्या सालीतून बुरशीचा शिरकाव होतो आणि आंब्यावरील भिरूड किडीलाही अंडी घालण्यास सालीतील अशा फटी सोयीच्या ठरतात.

नारळ व सुपारीची गोष्ट याहून निराळी आहे. ह्या झाडांना साल व लाकूड ह्यांमधील वाढीचा थर नसतो, त्यामुळे त्यांच्या खोडावरील जखम आंब्याप्रमाणे नव्या सालीने भरून येत नाही. ती कायमची राहते. सोंड्या भुंग्याची मादी नारळाच्या कोवळ्या झाडावरील जखमा हेरून तेथे अंडी घालते, अळ्या आतील गाभा पोखरतात, आणि पुष्कळदा शेंडा कलल्यावरच प्रकार ध्यानात येतो. नारळाच्या रोपाजवळ हे यंत्र नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग बुंध्याजवळचे गवत काढावयाचे कसे? बुंध्यापासून चोहोबाजूंनी दोन फुटांचे आळे खुरप्याने व हाताने स्वच्छ करावे, आणि त्यावर वाळलेला पालापाचोळा पसरावा. पाचोळा बुंध्याला चिकटू देऊ नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी. आळ्यात गवतच उगवले नाही, तर यंत्र तेथे नेण्याचे कारण उरत नाही. घरातील इतर कोणी यंत्र चालविणार असेल तर कलमाच्या बुंध्याभोवती चिरलेल्या प्लॅस्टिक नळीचा वीतभर तुकडा सैलसर बसवावा आणि खोड जाड होईल तसा तो बदलावा.

आंब्याची साल एका बाजूस फाटली असल्यास धारदार, स्वच्छ चाकूने सुटलेल्या कडा कापून जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी एक किलो मोरचूद व एक किलो चुना निरनिराळे भिजवून एकूण दहा लिटर पाण्यात मिसळतात. एक-दोन झाडांकरिता शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना व एक लिटर पाणी पुरे होते. भांडे मातीचे अथवा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडाचे घेऊ नये.

डोळे, पाय आणि अंग

दोरी लागलेला खडा कोठे जाईल ह्याचा नेम नसतो. गवत कापण्यापूर्वी त्या जागेवरून एकदा फिरून दगड, फुटक्या बाटल्या, तारेचे तुकडे व सुतळ्या उचलाव्यात. ठिबकच्या नळ्या बाजूस कराव्यात. दोरी त्या क्षणात फाडते. काटेरी तारेच्या कुंपणाखाली यंत्र चालवू नये, तेथील गवत विळ्यानेच काढावे. मुले, माणसे व जनावरे पंधरा मीटरच्या आत येऊ देऊ नयेत. यंत्राचे कवच काढून टाकण्याची खोड काही ठिकाणी दिसते. त्याने दोरी प्रमाणाबाहेर लांब होते, मोटारीवर भार येतो आणि नडग्या उघड्या पडतात.

डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा चष्मा लावल्यावाचून यंत्र सुरू करू नये. वाचण्याचा चष्मा ह्या कामास पुरा पडत नाही. गवताची काडी किंवा पानाचा कण बुबुळाला लागून झालेल्या जखमेत बुरशी वाढते व पांढरा व्रण पडतो. आपल्या देशात शेतात काम करणाऱ्यांची दृष्टी जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. डोळ्याला काही लागून तो लाल झाल्यास घरातील जुने थेंब घालू नयेत. स्टिरॉइडयुक्त थेंबांनी लाली तात्पुरती जाते, पण बुरशी फोफावते. त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे.

गडग्याच्या फटींत उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. फुरसे लहान व मातीच्या रंगाचे असल्याने पाचोळ्यात दिसत नाही. म्हणून घोट्यावर येणारे जाड बूट व लांब विजार घालून, भर उजेडात, मोकळ्या बाजूकडून गडग्याकडे सरकत जावे. ह्या कामी यंत्र विळ्यापेक्षा खचितच सरस आहे, कारण हात गवतात घालावा लागत नाही. दंश झालाच, तर आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. तो अवयव न हलविता रोग्यास प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.

कुंपणावर खाजकुयलीचा वेल असेल तर त्याला दोरी लावू नये. शेंगांवरील कूस हवेत उडून मान, हात व डोळे ह्यांची जी दशा होते, ती एकदा अनुभवलेला मनुष्य पुन्हा तसे करीत नाही. गाजरगवताचेही असेच आहे. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम लक्षात आलेले हे तण आता सर्वदूर पसरले आहे. दोरीने त्याचा चुरा होऊन तो अंगावर उडतो व पुष्कळांच्या त्वचेवर चट्टे येतात. आणि वर कापलेले झाड खालून पुन्हा फुटून फुलावर येते. जमीन ओली असताना, फुले येण्याआधी, हातमोजे घालून ते मुळासकट उपटणे हाच उपाय होय. हरळी व लव्हाळा ह्यांनाही वरच्या कापणीने काही होत नाही, त्यांचे बळ जमिनीखाली असते.

असे असले तरी उतारावरील परसात गवत मुळासकट काढण्याचा हट्ट धरू नये. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघडी केलेली माती त्यात टिकत नाही. अशा जागी दोरीने दोन-तीन इंच गवत राखून कापावे. मुळे माती धरून ठेवतात आणि वाटही मोकळी राहते.

दुभत्या जनावरांसाठी जेथील गवत वापरावयाचे आहे तेथे मात्र विळाच चालवावा. दोरीने गवताचा चुरा होऊन त्यात माती, खडे आणि तुटलेल्या नायलॉनचे तुकडे मिसळतात. असे गवत गव्हाणीत टाकू नये. ते कंपोस्टच्या खड्ड्यात घालावयाचे झाल्यास दोरीचे दिसतील ते तुकडे आधी वेचावेत.

बॅटरी व दोरी

बॅटरी विकत घेताना तिच्यावरील आकडे वाचण्यास शिकावे. लिथियम-आयन बॅटरीचा एक घट साधारणतः ३.६ व्होल्टचा असतो. असे पाच घट जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर तोच संच सुमारे २१ व्होल्ट दाखवितो. त्यामुळे ‘२० व्होल्ट’ असे छापलेली बॅटरी १८ व्होल्टच्या बॅटरीहून जोरकस असते असे नाही. पुष्कळदा ती तीच असते. व्होल्ट व अँपिअर-तास ह्यांचा गुणाकार केला म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते कळते. १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॉट-तास मावतात. यंत्र २४० वॉट घेत असेल तर ती अठरा मिनिटे चालेल. खळे, वाट व गडग्याची कड ह्यांना एवढा वेळ साधारणपणे पुरतो. एकरभर आंब्याच्या बागेला पुरणार नाही. बागेसाठी हे यंत्र घेऊन पस्तावू नये. घरासाठी घेणाऱ्याने दोन बॅटऱ्या घेऊन आलटून पालटून वापराव्यात, आणि त्याच जातीची बॅटरी व रीळ तालुक्याच्या गावी मिळते की नाही ह्याची चौकशी आधी करावी.

काम संपल्यावर बॅटरी गरम असते. ती सावलीत निवू द्यावी व मग चार्जरला लावावी. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली किंवा चुलीजवळ ती ठेवू नये. पावसात यंत्र चालवू नये आणि काम झाल्यावर नळीने धुऊही नये. ओल्या फडक्याने पुसावे. रिळात गुंतलेले गवत काढताना किंवा दोरी बदलताना आधी बॅटरी काढून बाजूस ठेवावी. चाप दाबला नाही म्हणजे यंत्र सुरू होणार नाही, ह्या भरवशावर राहू नये. मार्गशीर्षानंतर यंत्र बरेच महिने पडून राहते. त्या वेळी बॅटरी सुमारे अर्धी भरलेली, यंत्रापासून वेगळी, थंड व कोरड्या जागी ठेवावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवल्यास तिचे आयुष्य घटते. फुगलेली किंवा चिरलेली बॅटरी चार्ज करू नये. निकामी बॅटरी उकिरड्यावर किंवा आगीत न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

दोरी यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचीच घ्यावी. लहान यंत्रांत ती बहुधा १.६ किंवा २ मिलिमीटरची असते. जाड दोरी अधिक टिकेल ह्या समजुतीने २.४ मिलिमीटरची घातल्यास मोटार दमते. उन्हाळ्यात माळ्यावर पडून राहिलेली नायलॉनची दोरी सुकून ठिसूळ होते व पहिल्याच दगडाला तुटते. हंगामाच्या आरंभी तिचे वेटोळे एक रात्र पाण्यात भिजत घालावे. नायलॉन पाणी शोषून पुन्हा लवचीक होते, आणि तीच दोरी नेहमीप्रमाणे कामास येते.