संगणक कक्षासाठी आवृत्ती कोणती : सर्वात नवी की टिकणारी?



शनिवार पेठेतल्या आमच्या संगणक कक्षात एकदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यातच आम्ही हौसेने सगळ्या मशीनवर नवी आवृत्ती टाकली. मेनूंच्या जागा बदलल्या. मुलांना उत्तर येत होतं, पण बटण सापडत नव्हतं. चूक मुलांची नव्हती, आमच्या निवडीची होती.

यावर उपाय म्हणजे एलटीएस, अर्थात दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती. बालभारतीचं दहावीचं पुस्तक उघडून पाहा. प्रथमावृत्ती २०१८ आणि त्याखाली पुनर्मुद्रणाची वर्षं. पुनर्मुद्रणात चुका दुरुस्त करता येतात, धडे मात्र तेच राहतात. एलटीएसचंही तसंच आहे.

उबुंटूचं उदाहरण घेऊ. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण तिला आधार फक्त ९ महिने. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एलटीएस येते, तिला ५ वर्षे. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल; ती २०२९ पर्यंत चालेल. त्यानंतर आलेल्या २४.१० चा आधार जुलै २०२५ मध्येच संपला. फायरफॉक्सचीही शाळा-कार्यालयांसाठी 'ईएसआर' ही अशीच आवृत्ती आहे.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे ऐकलेत का? सुरुवातीलाच कोणती आवृत्ती वापरली ते सांगतात. कारण पडदा बदलला की धडा जुना होतो. आपल्या टिपणांचंही तेच!

एक गैरसमज मात्र काढून टाका. एलटीएस म्हणजे अपडेट बंद नव्हे. सुरक्षेचे अपडेट येतच राहतात आणि ते घ्यायलाच हवेत. नव्या सोयी उशिरा मिळतात, एवढीच किंमत.

मग काय करायचं?
१. उबुंटूच्या 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये नव्या आवृत्तीची सूचना फक्त 'लाँग-टर्म सपोर्ट'साठी ठेवा.
२. आधार कधी संपतो ते वर्ष कक्षाच्या फळ्यावर लिहा.
३. नवी एलटीएस आली की आधी एकाच मशीनवर वापरून पाहा. बाकीची मशीन दिवाळीच्या सुट्टीत बदला, परीक्षेच्या तोंडावर नको.

घरच्या लॅपटॉपलाही हाच नियम लावा. मुलांचं लक्ष शिकण्यात राहू दे, बटण शोधण्यात नको.