एक महिना तिकडे, एक महिना मांजरीत : रोटेशनच्या परदेशी नोकरीचा हिशेब

परदेशी नोकरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दोन वर्षांचा करार आणि मुदत संपल्यावर मिळणारी महिना-दोन महिन्यांची सुट्टी उभी राहते. रत्नागिरी, महाड, श्रीवर्धनकडच्या घरांना हा प्रकार पिढ्यांपासून ठाऊक आहे. हातात कसब असलेल्या वेल्डर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन, क्रेन ऑपरेटर मंडळींसमोर मात्र कधी कधी निराळाच प्रस्ताव येतो. २८ दिवस तिकडे काम, २८ दिवस घरी. पुन्हा २८ दिवस काम. यालाच रोटेशनची नोकरी म्हणतात. कोठे हे प्रमाण ३५-३५ दिवसांचे असते, कोठे सहा आठवडे काम आणि तीन आठवडे सुट्टी.

ऐकताना हा सौदा फार गोड वाटतो. मांजरीत ज्याचे फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे त्याला तर वाटते की एक महिना आखातात कमवावे, दुसरा महिना आपल्या दुकानात बसावे आणि दोन्हीकडचा पैसा घरात आणावा. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. आजूबाजूला इमारती उठत आहेत आणि ग्रिल, गेट, जिने, पत्र्याचे शेड यांचे काम आहे. तेव्हा प्रश्न रिकाम्या हातांचा नसून चालू धंदा असलेल्या माणसाचा आहे, आणि म्हणूनच तो जास्त काळजीने सोडवायला हवा.

ही नोकरी असते कोठे?

जेथे कुटुंब ठेवता येत नाही आणि काम एक दिवसही थांबवता येत नाही, अशा ठिकाणी ही पद्धत चालते. समुद्रातील तेलविहिरी, वाळवंटातील तेल व वायूची क्षेत्रे, दूरच्या खाणी ही तिची घरे. तेथे सहसा बारा तासांची पाळी असते व कामाच्या मुदतीत साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. आपल्याच महाराष्ट्रात याचे उदाहरण आहे. मुंबई हायचे तेलक्षेत्र १९७४ साली सापडले, १९७६ पासून तेथून तेल निघू लागले आणि ओएनजीसीचे कर्मचारी तेथे १४ दिवस काम व १४ दिवस सुट्टी अशा पाळीने हेलिकॉप्टरने ये-जा करतात.

म्हणून पहिली गोष्ट पारखून घ्यावी ती ही की, देऊ केलेली नोकरी खरोखर या प्रकारची आहे काय. साध्या इमारतीच्या बांधकामावर गवंड्याला किंवा सुताराला कोणी २८-२८ देऊ करत असेल तर कान टवकारावेत. तसेच गेट-ग्रिलचे वेल्डिंग निराळे आणि तेलाच्या पाइपाचे निराळे. तेथे ६जी या अवघड स्थितीतील पाइप वेल्डिंगची परीक्षा द्यावी लागते. समुद्रातील कामासाठी तर बोसिएट नावाचे प्रशिक्षण लागते. त्यात पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसे पडावे हेही शिकवतात. हा दाखला चार वर्षे चालतो. त्याचा खर्च कोण करणार, हे आधीच विचारावे.

दिवसाचा दर आणि वर्षाची कमाई

एजंट नेहमी दिवसाचा दर सांगतो. “दिवसाला ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला १ लाख ८० हजार,” असे तो म्हणतो आणि ऐकणारा मनातल्या मनात त्याला बाराने गुणून मोकळा होतो. २१ लाख ६० हजार! पण सुट्टीच्या २८ दिवसांचे काय? दर फक्त कामाच्या दिवसाचा असेल तर वर्षातील १८२ दिवसांचेच पैसे मिळतील. ते होतात १० लाख ९२ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी ९१ हजार. एका वाक्यात अर्धी रक्कम उडाली.

सुट्टीच्या काळातील पगार हा या नोकरीचा कणा आहे, आणि हे मांजरीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट येथेच आहे आणि साखर कारखान्यात काम केलेली माणसे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. गळीत हंगाम संपला की हंगामी कामगार घरी बसतो, पण त्या काळाचा रिटेन्शन भत्ता त्याला मिळतो. कारण कारखान्याला पुढच्या हंगामात तोच माणूस हवा असतो. रोटेशनच्या मालकालाही नेमके हेच हवे असते. मग त्याने घरच्या दिवसांचे काही द्यायला नको काय? चांगल्या कंपन्या बाराही महिने सारखा पगार देतात. काही निम्मा देतात, काही काहीच देत नाहीत. करारात हे कलम शोधावे. ते नसेल तर उत्तर “काहीच नाही” असे समजावे.

आता दुकानाची बाजू घेऊ. समजा, एका फॅब्रिकेटरला माल वजा जाता महिन्याला ९२ हजार मिळतात. भाडे १५ हजार, कारागिराचा पगार २२ हजार. हाती उरतात ५५ हजार, वर्षाला ६ लाख ६० हजार. आता हाच माणूस २८-२८ वर गेला. तो नसताना कारागीर किरकोळ दुरुस्त्या करून ३० हजार आणील; पण भाडे आणि पगार मिळून ३७ हजार जाणारच, म्हणजे त्या महिन्यात ७ हजारांचा तोटा. बरे, तो परत आल्यावर तरी धंदा पूर्ववत चालेल काय? गेटचे माप घ्यायला ज्या आठवड्यात बोलावले त्या आठवड्यात जो येत नाही, त्याच्यासाठी बिल्डर थांबत नाही. घरच्या महिन्यात ९२ ऐवजी ६० हजार आले असे धरू. उरले २३ हजार. दोन महिन्यांची सरासरी ८ हजार, वर्षाचे ९६ हजार.

दोन्हीकडचे मिळून झाले ११ लाख ८८ हजार. विमानाचे भाडे स्वतःच्या खिशातून असेल आणि एका फेरीला २५ हजार धरले, तर साडेसहा फेऱ्यांचे १ लाख ६२ हजार ५०० गेले. पहिल्या वर्षी एजंटचे शुल्क, वैद्यकीय तपासणी व इतर खर्चाचे ४५ हजार धरा. हाती राहिले ९ लाख ८० हजार ५००. दुकानाच्या आधीच्या कमाईपेक्षा फायदा वर्षाला ३ लाख २० हजारांचा झाला. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण आकृती बहुधा अशीच निघेल. फायदा आहे, मात्र एजंटने दाखवलेल्या रकमेशी त्याचे नाते फार लांबचे आहे. विमानभाडे कंपनीचे झाले की तोच फायदा पावणेपाच लाखांच्या वर जातो. म्हणून दर वाढवून मागण्यापेक्षा तिकीट आणि सुट्टीचा पगार लिहून मागावा. यातले एकही मिळत नसेल आणि दुकान सांभाळायला घरचे माणूसही नसेल, तर आमच्या मते चालता धंदा सोडून जाऊ नये.

दुकान कोणाच्या हाती?

दुकान भावाच्या किंवा जुन्या कारागिराच्या हवाली करून जाण्याची आपल्याकडे रीत आहे. ठराव बहुधा तोंडी असतो, आणि दुसऱ्या वर्षी भांडण. पगारी माणूस दुकान उघडे ठेवतो, पण गिऱ्हाईक जोडत नाही. त्यापेक्षा नफ्यात वाटा देऊन शिर्कत किंवा मुदारबतच्या तत्त्वावर लेखी करार केलेला बरा. कोणाचे भांडवल, कोणाची मेहनत, नफा कोणत्या प्रमाणात, तोटा कोणाचा, हिशेब कोणत्या तारखेला दाखवायचा, एवढे कागदावर असावे. जीएसटीची नोंदणी असेल तर धंदा शून्य झाला तरी विवरणपत्र भरावेच लागते. ते न भरल्यास विलंब शुल्क चढत जाते आणि पुढे नोंदणीही रद्द होऊ शकते. मालक समुद्रात आणि मोबाइलवर येणारा ओटीपी त्याच्याजवळ, अशी गत होऊ नये. बँकेचे आणि कराचे व्यवहार कोण करणार याचे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी करून ठेवावे. पुष्कळ घरांत हे काम पत्नी अधिक चोख करते, असा अनुभव आहे.

१८२ दिवसांची मेख

आयकराच्या दृष्टीने २८-२८ ही पाळी विचित्र जागी येऊन पडते. नोकरीसाठी परदेशी गेलेला भारतीय नागरिक आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक भारतात राहिला तर तो निवासी ठरतो आणि त्याची परदेशातील कमाईही येथील विवरणपत्रात येते. त्याहून कमी राहिला तर साधारणपणे अनिवासी. आता गणित करा. वर्षात २८ दिवसांचे १३ तुकडे पडतात. त्यांतले ६ घरी पडले तर १६८ दिवस झाले आणि आपण अनिवासी. ७ घरी पडले तर १९६ दिवस झाले आणि आपण निवासी. गंमत अशी की ज्या वर्षी घरी जास्त राहिल्याने कमाई कमी, नेमके त्याच वर्षी ती करपात्र!

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत निवासी माणसाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळते, त्यामुळे एकट्या पगाराला कदाचित धक्का लागणार नाही. पण दुकानाचा नफा त्यात मिळाला की मर्यादा ओलांडली जाऊ शकते. आखातात पगारावर कर नसल्याने तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळण्याचाही प्रश्न येत नाही. पहिल्या प्रयाणाची तारीख ठरवताना १ एप्रिल ते ३१ मार्च असा तक्ता मांडून बघावा आणि येण्या-जाण्याचे दिवस भारतातलेच धरावेत. पासपोर्टवरील शिक्क्यांच्या झेरॉक्स जपून ठेवाव्यात. पगार आधी परदेशातील खात्यात जमा होऊन मग इकडे आलेला बरा. थेट येथील खात्यात जमा झालेल्या पगारावरून अनिवासी माणसाच्या बाबतीत वाद निघू शकतो. सहा आठवडे काम व तीन आठवडे सुट्टी असेल तर घरचे दिवस १२२ च्या आसपास भरतात आणि ही कटकट राहत नाही.

नोकरी कोणाच्या नावावर?

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय क्षेत्राजवळ पी-३०५ नावाची बार्ज बुडाली आणि ७० हून अधिक माणसे मरण पावली. तिच्यावर मुख्यतः कंत्राटी कामगार होते. अशा प्रसंगी घरच्यांचा पहिला प्रश्न असतो की भरपाई कोणाकडे मागायची. म्हणून नेमणुकीचे पत्र कोणत्या कंपनीचे आहे, काम कोणाच्या जागेवर आहे आणि मध्ये किती कंत्राटदार आहेत, हे नावानिशी लिहून घरी ठेवावे.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. आखातासह ठराविक देशांत नोकरीस जाण्यासाठी त्यांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली मंजुरी घ्यावी लागते व त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाबद्दल १० लाखांचे संरक्षण आहे. एजंटचा परवाना ई-मायग्रेटवर तपासता येतो. त्याने सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढेच घ्यायचे असते आणि त्याची पावती द्यायची असते. शंका असल्यास मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय आहे. पुण्याहून एका दिवसाचे काम. व्हिजिट व्हिसावर कामाला नेणाऱ्याला सरळ नाही म्हणावे. बायकोचे दागिने मोडून किंवा कर्ज काढून एजंटला पैसे भरलेला माणूस तिकडे गेल्यावर कोणत्याच गोष्टीला नाही म्हणू शकत नाही.

रोटेशन तुटू शकते, हेही धरून चालावे. २३ मार्च २०२० पासून भारतात येणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. तेव्हा तिकडचे तिकडे अडकले आणि सुट्टीवर आलेले इकडे. ज्याचा दर फक्त कामाच्या दिवसाचा, त्याची कमाई त्या दिवशी थांबली. प्रकल्प पूर्ण झाला तरी परिणाम तोच. तेव्हा किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत दुकानाची जागा सोडू नये, आणि जुन्या गिऱ्हाइकांना घरच्या महिन्यात एकदा तरी भेटून यावे.

आता सणावारांचे. आपल्या जागी दुसऱ्या पाळीत येणाऱ्या माणसाला रिलीव्हर म्हणतात. तो आला नाही तर आपल्याला थांबावे लागते. त्या जादा दिवसांचा दर काय, हे करारात पाहावे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि पाळीचा तक्ता मात्र आपल्या चालीने चालतो. त्यामुळे कॅलेंडरवर पुढील दोन वर्षांचे तुकडे रंगवून रमजान, दोन्ही ईद, मुलांच्या परीक्षा आणि घरातील ठरलेली लग्ने कोठे पडतात ते घरच्यांसमवेत बसून पाहावे. रिलीव्हर दिवाळी करणारा असेल तर अदलाबदल जमण्यासारखी असते. कंपनी तिला परवानगी देते काय, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.